सोडलं तवा पाय गेलं

आबांच्या हाताला देवपूजा करतानाही सोल्युशनचा वास यायचा. आई म्हणायची, गणपतीला जास्वंदीआधी तुमचं पंक्चरच पोचत असेल. मिरजेत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं सायकलचं दुकान होतं. अजून आहे, फक्त आता तिथे मोटारसायकली जास्त येतात. तेव्हा तासावर भाड्याने सायकली मिळायच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत वहीत नाव आणि वेळ लिहून घ्यायचं काम माझ्याकडे असायचं. बाकी वेळ मी आबांना पंक्चर काढताना बघत बसायची.

पट्ट्यांनी टायर उचकटायचा, ट्यूब ओढून काढायची, हवा भरून पाण्याच्या घमेल्यात बुडवत फिरवायची. बुडबुडे आले की तिथे पेन्सिलीची खूण. मग ट्यूब पुसायची, पॉलिश पेपरने घासायची आणि बोटाने सोल्युशन पसरायचं. यानंतर आबा थांबायचे. नवशिका थांबत नाही, ओल्यावरच ठिगळ दाबतो आणि गिऱ्हाईक कोपऱ्यावरून परत येतं. "वास गेला की चिकटवायचं," हा आबांचा नियम. सोल्युशन म्हणजे पेट्रोलियमपासून निघणाऱ्या हलक्या द्रवात विरघळवलेलं रबर. रबर ट्यूबवर राहतं, द्रव उडून जातो. त्या उडणाऱ्या भागात हेक्झेन असू शकतं, कधी टोल्युईनही. हे अर्थात मला फार नंतर कळलं. तेव्हा ते उडून जाईपर्यंतचा एक मिनिट मी आबांच्या शेजारी उकिडवी बसून असायची, आणि मला तो वास आवडायचा. हे लिहिताना संकोच वाटतो, पण नाही लिहिलं तर पुढचं सगळं खोटं होईल.

आबा गेल्यावर दुकान धाकट्या भावाने घेतलं. त्याच्या हाताखाली एक पोरगं होतं. नाव लिहीत नाही. सोळा पूर्ण व्हायचं होतं. दहावीत दोन विषय राहिलेले, आई भाजी विकायला बसते, वडील असून नसल्यासारखे. भावाला ते मामा म्हणायचं. हात चांगला होता. चाकाची आरी ओढून रिम सरळ करायला मोठमोठ्यांना जमत नाही, याला जमायची. "दोन वर्षात माझ्या डोक्यावर बसंल बघ," असं भाऊ कौतुकाने म्हणायचा.

२०२४ च्या दिवाळीच्या आसपास भावाच्या लक्षात आलं की पंक्चर तितकेच आहेत आणि सोल्युशन दुप्पट लागतंय. नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी, दुकानामागे जुन्या टायरांच्या ढिगाआड, पोरगं सोल्युशन हुंगताना सापडलं. सोबत स्टेशनवरची आणखी दोन पोरं होती. भावाने कानाखाली दिली, मग स्वतःच रडला, मग पोराच्या आईला बोलावून आणलं. तिने पोराला दुकानातच धपाटे घातले आणि खंडोबाची शपथ घालून घेतली. कधीपासून चाललंय, तर म्हणे गणपतीच्या आधीपासून. वर्ष होतं का सहा महिने, हे त्यालाही नीट सांगता येईना.

आणि त्याने सोडलं. खरोखर सोडलं. सुटत नाही ते व्यसन, या आपल्या सरसकट समजुतीत हे बसत नाही, पण त्याने त्या दिवसापासून हात लावला नाही. भाऊ सोल्युशनच्या ट्यूबा गल्ल्यात कुलूप लावून ठेवायचा आणि मोजायचा. एकही कमी झाली नाही.

डिसेंबरात त्याची चप्पल पायातून निसटायला लागली. निसटली हे त्याला कळायचंच नाही. चार पावलं अनवाणी गेल्यावर कुणीतरी हाक मारायचं, अरे चप्पल. दुकानात हसायचे सगळे. मग तो जिन्यात पाय अडखळून पडला. उकिडवं बसलं की उठताना दुकानाच्या खांबाला धरायला लागला. ज्या बोटांनी आरी ओढायचा, त्यांनी व्हॉल्व्हची टोपी फिरवता येईना. जानेवारीत तर पाऊल लोंबायला लागलं. चालताना गुडघा घोड्यासारखा वर उचलायचा आणि पंजा फटकन खाली आपटायचा. पोटऱ्या वाळल्या.

मी पुण्यात सिंहगड रस्त्याला राहते. २०२५ चा जानेवारी आमच्याकडे कसा गेला हे वेगळं सांगायला नको. शेजारची नांदेड-किरकटवाडी, नसांवर उलटून हातपाय लुळे पाडणाऱ्या जीबीएसची साथ, व्हेंटिलेटर, पाणी उकळा, पनीर खाऊ नका. घरात कुणाच्या पायाला नुसत्या मुंग्या आल्या तरी काळजात धस्स व्हायचं. त्यात भावाचा फोन. "ताई, तुमच्या तिकडचा रोग इकडं आला वाटतं. पोराचं पाय गेलं."

त्या दिवसांत कुठल्याही डॉक्टरला आधी तेच सुचलं असतं, आणि तेच सुचलं. जीबीएस म्हटलं की इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं, आणि त्यांचा खर्च लाखांत. पोराच्या आईने नाकातली नथ आणि कानातली फुलं काढून भावाच्या हातात दिली. भावाने पतपेढीत अर्ज केला. पाठीतलं पाणी तपासलं, त्यात जीबीएसमध्ये बहुधा वाढतं ते प्रोटीन वाढलेलं नव्हतं. शिवाय जीबीएसचा जोर काही दिवसांत, फार तर चार आठवड्यांत चढून थांबतो. याचं दुखणं दोन महिने मुंगीच्या पावलाने चाललं होतं. डॉक्टर घोटाळ्यात पडले.

आता जे सांगते ते मला सगळ्यात जास्त टोचतं. त्या वॉर्डात पाच दिवस खरी गोष्ट तिघांना माहीत होती. पोराला, त्याच्या आईला आणि माझ्या भावाला. तिघंही गप्प होते. आईला वाटलं, सांगितलं तर नशेबाज म्हणून पोराला हाकलून देतील. भावाला वाटलं, पोलीस दुकानावर येतील. पोराला काय वाटलं ते त्यालाच ठाऊक. आणि तिघांच्याही डोक्यात एक सरळ हिशोब होता की ते तर केव्हाच सुटलंय, त्याचा याच्याशी काय संबंध?

शिकाऊ डॉक्टरांत एक मुलगी होती. तिने आईला चहा आणायला पाठवलं आणि खुर्ची ओढून पोराजवळ बसली. कामाला कुठे जातोस? पंक्चरच्या दुकानात. काय काय हाताळतोस तिथे? हवा, ग्रीस, सोल्युशन. मग थोडा वेळ गप्प बसून तिने विचारलं, "वास घेत होतास का रे?" पोराने भिंतीकडे तोंड केलं आणि मान हलवली. इंजेक्शनं थांबली. नथ परत आईच्या नाकात गेली.

मी त्या शनिवारी मिरजेला गेले. त्या मुलीने मला आणि भावाला कॉरिडॉरमध्ये उभं राहून समजावलं, आणि भावाला ते माझ्याआधी समजलं. ती म्हणाली, पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी नस कमरेतून निघते, म्हणजे जवळजवळ एक मीटरचा एकच धागा. त्याचं स्वयंपाकघर वर, कण्यात. सगळा शिधा वरून खाली पोचवावा लागतो. हेक्झेन शरीरात गेलं की त्याचं यकृतात दुसरं एक रसायन होतं, २,५-हेक्झेनडायोन. ते धाग्याच्या आतले बारीक तंतू एकमेकांना बांधून टाकतं. मग जागोजागी गुंतवळ होते, धागा तिथे फुगतो आणि पुढे काही जात नाही. टोकाला आधी उपासमार. म्हणून आधी पायाची बोटं, मग पाऊल, मग हाताची बोटं. मोजे आणि हातमोजे घातल्यासारखं.

भाऊ म्हणाला, "म्हणजे ब्रेकची वायर."

ती हसली. पण त्याचं बरोबर होतं. ब्रेकला आत तारांचा पीळ असतो आणि वरून कव्हर. मज्जातंतूलाही आत धागा आणि वरून मायलिनचं वेष्टन. हेक्झेन आतल्या तारेला खातं. थिनरमधलं टोल्युईन वर्षानुवर्षं हुंगलं तर मेंदूतल्या पांढऱ्या भागाचं कव्हर खराब करतं. तिथे तोल जातो, हात थरथरतो, बोलणं जड होतं, बुद्धी मंदावते, आणि ते हाताच्या नसा तपासून कळत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. आणि हृदयाची लय एकाएकी बिघडून पहिल्याच खेपेला मेलेलीही पोरं आहेत. हे तिने हळू आवाजात सांगितलं, पोराच्या खाटेकडे पाठ करून.

घरी येऊन मी या विषयावर मिळेल ते वाचत सुटले. त्यात पश्चिम बर्लिनची एक हकिकत सापडली, ती डोक्यातून जात नाही. तिथली काही पोरं गोंद पातळ करायचं एक थिनर वर्षानुवर्षं हुंगत होती. त्यात हेक्झेन होतं, तरी पाय कुणाचे गेले नव्हते. १९७५ मध्ये त्या थिनरची घडण बदलली. हेक्झेन चांगलंच कमी केलं गेलं आणि मिथिल इथिल किटोन नावाचं दुसरं द्रावक त्यात आलं. काही महिन्यांतच पोरं हातापायांतून लुळी होऊन दवाखान्यात यायला लागली. तिथल्या डॉक्टरांनी १९७७ मध्ये अशा अठरा जणांची माहिती छापली. किटोन एकटं नसा मारत नाही, पण हेक्झेनच्या जोडीला असलं की हेक्झेनचं विष कैक पटींनी चढतं. घडण पुन्हा बदलली आणि नवे रुग्ण थांबले. विष निम्मं केलं आणि पोरं लुळी झाली. डब्यावर नाव तेच असताना हुंगणाऱ्या पोराला काय कळणार? आमच्या दुकानात तीन वेगवेगळ्या कंपन्यांचं सोल्युशन येतं, जे स्वस्त मिळेल ते. आत काय आहे हे एकाही ट्यूबवर धड लिहिलेलं नाही. मी चष्मा लावून पाहिलं.

त्याच्याही आधी जपानमध्ये, १९६० च्या दशकात, घरोघरी व्हिनाइलच्या चपला चिकटवणाऱ्या कामगारांचे असेच पाय गेले होते. त्यांनी काही नशा केली नव्हती. खोली लहान आणि खिडक्या बंद, एवढंच. वाचताना मला आमच्याकडच्या कोल्हापुरी चपला आठवल्या. अस्सल असेल तर ती चामड्याच्या वादीने शिवतात. आणि आबा आठवले. शेवटची सहा-सात वर्षं त्यांच्या तळपायाला कापसावर चालल्यासारखं वाटायचं. त्यांना साखरही होती, डॉक्टरांनी खापर साखरेवर फोडलं आणि आम्ही मान्य केलं. ते उघड्या कट्ट्यावर, वाऱ्यात बसून काम करायचे. साखरच असेल.

पोराकडे वळते. निदान झालं तरी फेब्रुवारीत त्याचं दुखणं वाढलंच. आता त्याची मूठ वळेना. आणि इथे त्याच्या आईने ते वाक्य उच्चारलं जे मी वर मथळ्यात लिहिलंय. "घेत हुता तवा पळत हुता, ताई. सोडलं तवा पाय गेलं."

यावर काय बोलायचं? तिच्या डोळ्यांसमोर जे घडलं त्याचा क्रम अगदी तोच होता. दारू सोडली आणि मेला, तंबाखू सोडली आणि पोट बिघडलं, असल्या गोष्टी आपल्याकडे पारावर पैशाला पासरी. आपण त्यांना हसतो. इथे मात्र शरीरच त्या गोष्टीला साक्ष देत होतं. पोराने तर एका संध्याकाळी भावाला हळूच विचारलं, "मामा, थोडंसं घेतलं तर पाय येतील का परत?" भाऊ मला हे फोनवर सांगताना थांबला, आणि मीही काही बोलले नाही.

हेक्झेनच्या दुखण्याचा हा स्वभावच आहे. हुंगणं बंद केल्यावरही आठवडेच्या आठवडे, कधी दोन-तीन महिने, ते वाढत जातं. बांधले गेलेले तंतू बांधलेलेच राहतात, आधीच जखमी झालेला धागा टोकाकडून वाळत वर येतो. डॉक्टर त्याला कोस्टिंग म्हणतात. हे पोराला कसं सांगायचं ते भावाला बरोबर सुचलं. त्याने खाटेशेजारी एक सायकल आणून स्टँडला लावली, पायडल दोन-चारदा जोरात मारलं आणि हात काढून घेतला. फ्रीव्हील कटकट करत राहिलं, चाक फिरत राहिलं. "तू पायडल सोडलंस नोव्हेंबरात," तो म्हणाला, "चाक आजून फिरतंय. थांबू दे त्याला." पोरगं चाक थांबेपर्यंत बघत होतं. आई दारात उभी होती. तिला पटलं का, मला माहीत नाही. तिने वार्डातल्या बायकांना नंतरही तेच सांगितलं.

औषध काही नाही. ताकदीच्या गोळ्या दिल्या, त्या मुख्यतः आईच्या समाधानासाठी असाव्यात. खरं काम व्यायामाचं आणि पाऊल लोंबू नये म्हणून लावायच्या प्लास्टिकच्या पट्टीचं. नस वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर. गुडघ्यापासून पावलापर्यंत मोजा, वर्ष उलटतं. तेही सगळं ठीक चाललं तर. फार मुरलेलं दुखणं असेल तर कण्यातल्या धाग्यांनाही धक्का बसलेला असतो, आणि वरचा लुळेपणा ओसरला की खालून पायांचा ताठरपणा उघडा पडतो.

भावाने दुकानात काय बदललं, हे लोक मला विचारतात. तो सोल्युशन सुटं विकत नाही, पोरांना तर नाहीच. पंक्चर स्वतःच काढतो. स्टेशनजवळ ते इतर चार ठिकाणी मिळतं, हे त्यालाही ठाऊक आहे. कायदा या बाबतीत विचित्र कोपऱ्यात उभा आहे. अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत पंक्चरचं सोल्युशन नाही, कसं असणार? २०१२ मध्ये केंद्र सरकारने बाटलीतलं व्हाइटनर आणि थिनर किरकोळ विकायला बंदी केली, तेव्हापासून व्हाइटनर पेनमध्ये आलं. पंक्चरवाल्याला पेन देऊन भागत नाही. अमेरिकेत टेस्टर कंपनीने १९६९ मध्ये खेळण्यातली विमानं जोडायच्या गोंदात मोहरीच्या तेलाचा झणझणीत अर्क घातला होता, कुणी हुंगू नये म्हणून. हे मी भावाला उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "आणि मी दिवसभर शिंकत पंक्चर काढू व्हय?" ऑस्ट्रेलियात २००५ पासून मूळ रहिवाशांच्या वस्त्यांत ओपल नावाचं, हुंगून नशा फारशी न चढणारं पेट्रोल पुरवलं, तिथे हुंगणं खूप घटलं. म्हणजे वस्तूच बदलली तर फरक पडतो. पण ते सरकारने पैसा ओतून केलं, भावासारख्या एका दुकानदाराने नव्हे.

२०१९ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय खात्यासाठी दिल्लीच्या एम्सने देशभरातल्या व्यसनांची पाहणी छापली. दारू, गांजा, अफू, गोळ्या, सगळ्यांत मोठी माणसं पुढे. हुंगायच्या पदार्थांत मात्र उलटं. मोठ्यांत ०.५८ टक्के, दहा ते सतरा वर्षांच्या पोरांत १.१७ टक्के. मदतीची गरज असलेली मुलं देशात साधारण ४.६ लाख. जिथे अशी मुलं जास्त आहेत त्या राज्यांत महाराष्ट्र आहे. आकडे वाचताना मला स्टेशनवरची ती दोन पोरं आठवली, टायरांच्या ढिगाआडची. आमच्या पोराला घर होतं, माझा भाऊ होता, खाट होती, कुणीतरी त्याच्या चप्पल निसटण्याकडे बघणारं होतं. ती दोघं पळून गेली ती गेलीच. त्यांची चप्पल निसटली तर हाक कोण मारणार? बहुधा त्यांच्या पायात चप्पलच नव्हती.

उन्हाळ्यात पोरगं घरी आलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईने एक युक्ती दिली. डोळे मिटायचे, आईने कापसाचा बोळा गुडघ्यापासून खाली सरकवत न्यायचा आणि जिथे कळेनासं होईल तिथे नडगीवर बॉलपेनने रेघ मारायची. दर अमावस्येला नवी रेघ. भावाला ते फार आवडलं. पंक्चरला आपण खूण करतो तसंच की, म्हणाला. मे महिन्यात रेघ गुडघ्याखाली चार बोटांवर होती. आषाढात ती नडगीच्या मधोमध आली. हाताची मूठ बरीच वळते आता, व्हॉल्व्हची टोपी दोन्ही हातांनी लागते. आरी अजून नाही.

गणपतीत मी गेले तेव्हा तो दुकानाच्या कट्ट्यावर बसून वही लिहीत होता, कुणाची गाडी, किती पैसे. माझीच जुनी जागा. आत भाऊ ट्यूब घासत होता. सोल्युशन लावून तो बाहेर, रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला, वास जाईपर्यंत ट्यूब हातात धरून. हे तो कधीपासून करतोय, मी विचारलं नाही.

परवा त्याचा फोन आला. या महिन्यात रेघ हलली नाही, होती तिथेच आहे. पण पोरगं म्हणतंय, काल चप्पल निसटली ती कळली. पायाला कळली की खाली बघून कळली, ते विचारायचं भावाच्या लक्षातच आलं नाही. उद्या विचारतो म्हणालाय.